बरे वाटते, पण कशामुळे?

दिवाळीचा फराळ संपत आला की मोबाइलवर ठरावीक संदेश फिरू लागतात. तीन दिवसांत शरीर आतून स्वच्छ करा, असे त्यांचे सांगणे. सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात लिंबू आणि मध, तासाभराने दुधीचा किंवा गव्हांकुराचा रस, दुपारी काकडी-गाजर-बीट, संध्याकाळी आले-हळदीचा काढा, रात्री पुन्हा रस. पोळी, भाकरी, भात, डाळ, दूध सगळे बंद. लग्नसराई आटोपली की आणि नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात हेच संदेश पुन्हा येतात. घरच्या घरी हा प्रयोग करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातले बरेच जण चौथ्या दिवशी सांगतात की अंग हलके झाले, पोट साफ झाले, झोप शांत लागली, काट्यावर दीड-दोन किलो कमी भरले. या लोकांना भ्रम झाला आहे असे मला वाटत नाही. त्यांना बरे वाटते हे खरे आहे. मात्र त्याचे जे कारण सांगितले जाते, की साचलेली विषद्रव्ये रसाने धुऊन निघाली, ते खोटे आहे. कारण खोटे असल्यामुळे श्रेय भलत्याच गोष्टीला जाते. ही चूक किरकोळ वाटेल, पण या प्रयोगांतून होणारे बरेचसे नुकसान या चुकलेल्या श्रेयातूनच होते.

आधी वजनाचे पाहू. यकृत आणि स्नायू मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतात, आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी शरीरात राहते. पोळी-भात बंद झाला की शरीर आधी हा साठा खर्च करते आणि त्याच्यासोबतचे पाणी लघवीवाटे निघून जाते. शेव, चिवडा, पापड, लोणचे बंद झाल्याने मीठ एकदम कमी होते, म्हणून मिठाने धरून ठेवलेले पाणीही सुटते. आतड्यात एरवी असणारे अन्नही त्या दिवसांत नसते. दीड-दोन किलोचा बहुतेक हिशेब इथेच लागतो; चरबीचा वाटा त्यात लहान असतो. पुन्हा भाकरी-भाजी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत काटा मूळ जागी येतो, आणि माणसाला वाटते की आपल्या खाण्याने पुन्हा घाण साचली. हलके वाटण्याचे कारणही असेच साधे आहे. त्या तीन दिवसांत तळलेले नाही, मैदा नाही, बिस्किटे नाहीत, दारू नाही, रात्री साडेदहाचे जेवण नाही. पाणी जास्त प्यायले जाते आणि पोटात भुकेची कळ असल्याने लोक लवकर झोपतात. एवढे बदल एकदम केले तर कोणालाही बरे वाटेल. गव्हांकुराचा रस घेतला काय, न घेतला काय, त्याने फरक पडत नाही.

दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी तर या साऱ्या समजुतीचा उत्तम नमुना आहे. विष बाहेर पडायला लागले की डोके दुखते, ते चांगले लक्षण समजा, असे संदेशात बजावलेले असते. प्रत्यक्षात दिवसाला चार-पाच कप चहा घेणाऱ्या माणसाचा चहा एका फटक्यात तुटलेला असतो. कॅफीनची सवय मोडली की शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, चिडचिड होते, झापड येते, आणि पहिल्या दोन दिवसांत हा त्रास सर्वांत जास्त असतो. वैद्यकाच्या पुस्तकांत हे नोंदलेले आहे. पण इथे त्याच डोकेदुखीचा पुरावा म्हणून उपयोग केला जातो. बरे वाटले तर विष गेले, बरे वाटले नाही तर विष जात आहे. ज्या दाव्याला कोणत्याही अनुभवाने धक्का लागू शकत नाही, तो तपासायचा कसा?

शरीर विषारी द्रव्यांचे काय करते, हे समजून घेतले तर रसाची जागा कळते. प्रथिनांच्या पचनातून तयार होणारा अमोनिया मेंदूला घातक असतो. यकृत त्याचा युरिया करते आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. मद्याचे यकृतात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि मग निरुपद्रवी अ‍ॅसिटेट होते. औषधांचे, कीटकनाशकांच्या अंशांचे, स्वतःच्या जुन्या संप्रेरकांचेही यकृतातली विकरे असेच दोन टप्प्यांत रूपांतर करतात, म्हणजे ती द्रव्ये पाण्यात विरघळतील आणि लघवीतून किंवा पित्तातून जातील. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत घेऊन जेमतेम दीड-दोन लिटर लघवी करतात. हे काम दिवाळीतही चालू असते आणि एकादशीलाही. त्यात एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. यकृताच्या या कामात ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य लागते. पॅरासिटामॉलच्या गोळीतून तयार होणारे घातक उपद्रव्य ग्लुटाथायोनच निकामी करते. ते तयार होते अमिनो आम्लांपासून, म्हणजे डाळ, दूध, अंडी, मासे, उसळी यांतून मिळणाऱ्या प्रथिनांपासून. उपासमारीत त्याचा साठा घटतो, आणि म्हणूनच उपाशी किंवा कुपोषित माणसाला पॅरासिटामॉलची जास्तीची मात्रा अधिक धोक्याची ठरते. याचा अर्थ उघड आहे. यकृताला मदत म्हणून तीन दिवस डाळ आणि दूध बंद करणारा माणूस यकृताचा कच्चा मालच तोडत असतो.

संशोधन काय सांगते? २०१५ साली ‘जर्नल ऑफ ह्युमन न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स’मध्ये क्लाइन आणि कियाट या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी डिटॉक्स आहारांवरच्या उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. बाजारातल्या एकाही डिटॉक्स आहाराची माणसांवर यादृच्छिक, नियंत्रित चाचणी झालेली त्यांना आढळली नाही. जे थोडे अभ्यास होते ते लहान आणि सदोष होते. त्याआधी २००९ मध्ये ब्रिटनमधल्या ‘सेन्स अबाउट सायन्स’ या संस्थेने डिटॉक्सच्या नावाने विकल्या जाणाऱ्या १५ उत्पादनांच्या कंपन्यांकडे पुरावा मागितला, तेव्हा नेमके कोणते विष काढले जाते याचे उत्तर मिळाले नाही. पण मला यापेक्षा बोलके वाटते ते ‘लॅन्सेट’मध्ये २००५ साली आलेले एक छोटे टिपण. आपल्याकडेही फिरणारा ‘लिव्हर फ्लश’ एका बाईने केला होता: दिवसभर फक्त सफरचंदाचा व भाज्यांचा रस, आणि संध्याकाळी ऑलिव्ह तेल व लिंबाचा रस मोठ्या प्रमाणात. दुसऱ्या दिवशी शौचातून हिरवट, मऊसर खडे पडले. पित्ताशयातले खडे पडले, असे समजून तिने ते जपून ठेवले. प्रयोगशाळेत ते ४० अंश सेल्सिअसला वितळून हिरवे तेल झाले. त्यांत पित्ताच्या खड्यात असते तसे कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन किंवा कॅल्शियम काहीच नव्हते. प्यायलेल्या तेलाचाच पोटात झालेला तो साबण होता. डोळ्यांना दिसणारा, हातात धरता येणारा पुरावा तिच्यापाशी होता आणि तोसुद्धा उपायानेच तयार केलेला होता.

यावर एक रास्त आक्षेप येतो. हवेत धूर आहे, भाज्यांवर फवारे आहेत, पाण्यात रसायने आहेत. मग शरीरात विष नाही असे कसे म्हणता? तसे मी म्हणतच नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. ते विष खरे होते, त्याला नाव होते, आणि त्यावर उपचार करायचे तर रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सेंद्रिय फॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांच्या बाधेवर अ‍ॅट्रोपीन द्यावे लागते. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ यांच्या २०२० च्या अहवालानुसार भारतातल्या सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमहून जास्त होते. तेही खरे विष आहे. ते रक्ताच्या तपासणीत मोजता येते, फार वाढले तर शिशाला बांधून लघवीवाटे काढणारी औषधे डॉक्टर देतात, आणि मुख्य उपाय म्हणजे ते जिथून येते ती जागा बंद करणे: जुन्या बॅटऱ्या उघड्यावर वितळवणे, भेसळीची हळद, शिसेयुक्त रंग. चरबीत साठून राहणाऱ्या काही कीटकनाशकांची गोष्ट तर उलटीच आहे. झपाट्याने वजन उतरते तेव्हा ती चरबीतून सुटतात आणि रक्तातले त्यांचे प्रमाण काही काळ वाढते. ज्यांना प्रदूषणाची खरोखर काळजी आहे त्यांनी अन्नभेसळ तपासणाऱ्या यंत्रणेला आणि फवारणीच्या नियमांना जाब विचारायला हवा. काकडी-पुदिन्याच्या पाण्याने ही काळजी खासगी होते, आणि ज्यांच्याकडे बोट दाखवायचे ते सुटतात.

दुसरा आक्षेप परंपरेचा. लंघन आपल्याकडे जुने आहे, शोधन आयुर्वेदात सांगितले आहे, मग हे नाकारायचे का? आयुर्वेदाच्या दाव्यांची आधुनिक कसोटी हा स्वतंत्र विषय आहे. पण फोनवरचा तीन दिवसांचा आराखडा त्या परंपरेचा वारस म्हणून मिरवतो, ते मान्य करता येत नाही. पंचकर्मात वमन असो की विरेचन, आधी स्नेहन-स्वेदन असते, रुग्णाची प्रकृती, बळ, वय आणि ऋतू पाहिला जातो, आणि शोधन झाल्यावर पेजेपासून हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणणारा संसर्जनक्रम असतो. सगळ्यांना एकच कृती देणे हे त्या शास्त्राच्या मुळावरच येते. १९४६ साली गांधीजींनी उरुळी कांचनला निसर्गोपचार केंद्र सुरू केले, तेव्हाही अपेक्षा होती ती गावकऱ्यांच्या रोजच्या राहणीत बदल होण्याची. आजच्या लिंबू-मधाच्या तीन दिवसांचे नाते या दोहोंपेक्षा अमेरिकेतल्या स्टॅन्ली बरोज यांच्या ‘मास्टर क्लीन्स’शी अधिक जवळचे आहे. लिंबाचा रस, मेपलचा पाक आणि लाल तिखट घातलेले पाणी पिऊन राहण्याचा तो प्रकार १९७६ च्या त्यांच्या पुस्तकाने पसरला. पोट बिघडले की मऊ भात, मुगाचे वरण आणि ताक देणारी आपल्या घरातली शहाणी बाई मात्र या आराखड्यापेक्षा खूप बरोबर आहे. ती पोटाला सोपे अन्न देते, थोडा विसावा देते आणि विष काढल्याचा दावा करत नाही.

अलीकडे नोबेलचाही दाखला दिला जातो. पेशी स्वतःच्या निकामी भागांची विल्हेवाट लावून त्यांचा पुनर्वापर करतात, या ऑटोफॅजीच्या क्रियेवरच्या कामासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे पारितोषिक मिळाले. त्यांचे पायाभूत प्रयोग यीस्टच्या पेशींवर होते. उपासमारीत ही क्रिया वाढते हे खरे. पण पेशीच्या आत चालणारा हा पुनर्वापर आणि शरीराबाहेर विष टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय दर दोन तासांनी फळांचा गोड रस पिणारा माणूस धड उपाशीही नसतो. संत्रे खाल्ले तर चोथ्यासह साखर हळूहळू पोटात जाते. चार संत्र्यांचा रस दोन मिनिटांत संपतो आणि चोथा गाळणीत राहतो. ठरावीक तासांतच जेवण्याच्या पद्धतींवर वेगळे संशोधन चालू आहे, वजन आणि रक्तातल्या साखरेबाबत त्यांचे काही उपयोग दिसलेही आहेत. त्यांची पुण्याई रसाच्या बाटलीला चिकटवू नये.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळाच आहे. कारण चुकीचे का असेना, माणूस निदान सुरुवात तर करतो ना? तीन दिवस साखर आणि तळण सोडतो, आपण सोडू शकतो हे त्याला कळते, आणि पुढे काही चांगल्या सवयी लागतात. हा मुद्दा मी हलका मानत नाही. सुरुवात करणे अवघड असते आणि ठरवलेला मुहूर्त कामी येतो. पण सुरुवात टिकायची तर चौथा दिवस तिसऱ्यासारखा असला पाहिजे. रसाच्या तीन दिवसांना चौथा दिवसच नसतो. रस पिऊन कोणी नोकरी आणि घर वर्षभर सांभाळू शकत नाही, म्हणून चौथ्या दिवशी माणूस आहे तिथे परततो, आणि ‘आता शरीर स्वच्छ झाले’ या समाधानाने पुढच्या समारंभाला मोकळा होतो. तीन दिवसांत साखर, तळण आणि दारू सुटली म्हणून बरे वाटले, एवढे त्याला नीट सांगितले असते तर त्यातले अर्धे तरी त्याने चालू ठेवले असते. श्रेय रसाला गेले, त्यामुळे सोडलेल्या गोष्टी परत आल्या आणि रस तेवढा पुढच्या दिवाळीसाठी लक्षात राहिला.

ज्यांना तीन दिवस पाळायचेच आहेत त्यांनी जरूर पाळावेत. फक्त ते दोन वेळच्या पुऱ्या जेवणाचे असावेत. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ किंवा वरण, पालेभाजी, कोशिंबीर, ताक; दुपारी एखादे फळ आणि मूठभर शेंगदाणे; रात्रीचे जेवण आठच्या आत; चहा दोन कप, हळूहळू बिनसाखरेचा. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत दोन हजार कॅलरींच्या आहारात रोज ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मांस-मासे सुचवले आहेत, धान्य २५० ग्रॅमवर आणले आहे आणि मिठाची मर्यादा ५ ग्रॅम ठेवली आहे. चौघांच्या घरात याचा अर्थ रोज दीड किलोहून अधिक भाजी. अर्ध्या किलोच्या एका भाजीत चौघांचे भागवणारी घरे कितीतरी आहेत, आणि डाळीचे पातळ वरण हीच प्रथिनांची सोय समजणारीही. खरी उणीव इथे आहे. ती भरायला पैसा लागतो, भाजी निवडायला वेळ लागतो, आणि हे काम घरातल्या एकाच बाईच्या माथी असेल तर ते होत नाही. म्हणून या तीन दिवसांत घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी मेथी निवडायला बसावे, हा माझा आग्रह आहे.

राहिला शेवटचा समज, की यात नुकसान तर काही नाही. आहे, आणि ते नेमके चुकीच्या स्पष्टीकरणातून येते. दुधी, काकडी, दोडका या वर्गातल्या भाज्यांत क्वचित कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्ये वाढतात. अशा दुधीचा रस पिऊन २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला, त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. २०१८ मध्ये पुण्यातही एक महिला दुधीचा रस घेतल्यानंतर दगावली. समितीचे सांगणे साधे होते: रस काढण्याआधी दुधीची फोड चाखून पाहा, कडू लागली तर फेकून द्या, त्यात दुसरा रस मिसळू नका, प्यायल्यावर मळमळ-उलटी-जुलाब झाले तर ताबडतोब रुग्णालय गाठा. या विषावर उतारा नाही. पण ज्याला शिकवले आहे की कडू तेच औषध, आणि उलटी-जुलाब म्हणजे विष बाहेर पडण्याची खूण, तो तो पेला संपवतो आणि नंतरही घरीच थांबतो. पालकाचा कच्चा रस सतत पिऊन त्यातल्या ऑक्झलेटने मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. देशात २०२३ च्या अभ्यासानुसार १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत; त्यांतला इन्सुलिनवर किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांवर असलेला माणूस रस सोडून काही खात नसेल तर त्याची साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाच्या रुग्णाला नारळपाणी आणि फळांचा रस यांतले पोटॅशियम हृदयाच्या ठोक्यापर्यंत भोवते.

गुळवेलीचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. करोनाच्या काळात तिचा काढा घरोघरी उकळत होता. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना हा काढा घेतल्यावर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले, त्यांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि पुढच्या वर्षी देशभरातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांचा अभ्यास आला. आयुष मंत्रालयाने पहिल्या नोंदीवर आक्षेप घेतला. रुग्णांनी गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल वापरली असावी, असा त्याचा रोख होता. तो आक्षेप खरा मानला, तरी कुंपणावरून वेल तोडून आणणाऱ्या माणसाला हा फरक कसा कळावा, हा प्रश्न उरतोच. यातले कित्येक रुग्ण डॉक्टरांना काढ्याबद्दल आपणहून सांगत नाहीत, कारण ते त्याला औषध मानत नाहीत. कावीळ झालेल्या, रक्तात SGPT हे यकृताचे विकर वाढलेल्या प्रत्येक रुग्णाला गोळ्यांची यादी विचारतानाच डॉक्टरांनी विचारावे: रस कोणता पिता, काढा कोणता, किती दिवसांपासून. आणि रुग्णाने त्यातले काहीही वगळू नये.